रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं कोण?

वर्षातून दोनदा टोचायचं कोलेस्टेरॉलचं इंजेक्शन भारतात आलं आणि घराघरांतल्या गप्पांत शिरलं. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न साधारण तेच असतात. रोज घ्यायच्या गोळीचं काम सहा महिन्यांतून एक सुई कसं करते? ती आपली जनुकं बदलते का? आणि तेलकट-तुपकट सोडून, रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारूनही काहींचा रिपोर्ट वर्षानुवर्षं वाईटच का येतो?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच जागी सापडतात: यकृताच्या पेशीच्या पृष्ठभागावर. रिपोर्टमधला एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचा, आकडा तुम्ही काय खाल्लंत हे थोडंफार सांगतो, पण तुमच्या पेशी रक्तातून काय आणि किती उचलतात हे त्याहून जास्त सांगतो. हे उचलणं कसं चालतं ते एकदा कळलं, की औषधांबद्दलची निम्मी भीती आणि घरगुती उपायांबद्दलच्या निम्म्या आशा आपोआप जागेवर येतात.

पेशीला तोंड नाही, मग ती खाते कशी?

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. शाळेत आपण त्याला पेशीपटल म्हणून शिकलो. तो मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापेक्षाही कमी असते. ऑक्सिजन त्यातून सहज आरपार जातो. साखर आणि क्षार यांच्यासाठी पडद्यात प्रथिनांच्या खास वाटा असतात. पण एखादं अख्खं प्रथिन किंवा कोलेस्टेरॉलने भरलेला गोळा आत घ्यायचा, तर या वाटा फारच अरुंद पडतात.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ते सुटं फिरू शकत नाही. शरीर त्याचा गोळा बांधतं. लिपिड प्रोफाइलमध्ये ज्याला एलडीएल म्हणतात तो हाच. त्याचा व्यास सुमारे २२ नॅनोमीटर, म्हणजे असे चाळीस-पंचेचाळीस हजार गोळे एका रांगेत मांडले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. त्याच्या पोटात कोलेस्टेरॉलचे साधारण दीड हजार रेणू असतात आणि बाहेरून एक लांबलचक प्रथिन त्याला वेढून असतं. आपण सरसकट ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो तो गोळा मुळात कामाचा आहे. पेशींना पडदे बांधायला कोलेस्टेरॉल लागतं, यकृताला पित्तरस करायला लागतं, काही ग्रंथींना संप्रेरकं करायला लागतं. बिघडतं ते हे गोळे कुणी उचलले नाहीत आणि दिवसेंदिवस रक्तातच फिरत राहिले, तर. मग ते धमनीच्या भिंतीत शिरून साचू लागतात.

उचलण्याचं काम करतात ते रिसेप्टर. रिसेप्टर म्हणजे पडद्यात रोवलेलं प्रथिन. त्याचं एक टोक पेशीबाहेर असतं, दुसरं आत. बाहेरच्या टोकाची घडण अशी, की एका ठरावीक रेणूशीच ते जुळतं. एलडीएलचा रिसेप्टर एलडीएलच्या अंगावरचं प्रथिन ओळखतो, लोह आणणाऱ्या प्रथिनाचा रिसेप्टर वेगळा, इन्सुलिनचा आणखी वेगळा.

दहा मिनिटांची फेरी

पहाटे मुंबईतल्या कुठल्याही नाक्यावर दुधाचा टेम्पो उभा असतो. पिशव्यांनी भरलेले प्लास्टिकचे क्रेट दुकानात जातात, पिशव्या आत उतरतात आणि रिकामे क्रेट पुढच्या मालासाठी बाहेर येतात. क्रेट दुधाबरोबर दुकानातच ठेवले तर धंदा दुसऱ्या दिवशी बंद पडेल. एलडीएलचा रिसेप्टर हा असा क्रेट आहे, आणि पुढचं सगळं प्रकरण क्रेटच्या येण्याजाण्याचं आहे.

रक्तातला एलडीएलचा गोळा रिसेप्टरला चिकटतो. भरलेले रिसेप्टर पडद्यावरून सरकत ठरावीक खळग्यांत गोळा होतात. या खळग्यांना आतल्या बाजूने क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर असतं. क्लॅथ्रिनचा प्रत्येक घटक तीन वाकड्या पायांचा. हे पाय एकमेकांत अडकून पंचकोन-षट्कोनांची जाळी विणली जाते. जाळी वाढते तसा पडदा आत वाकतो, खळगा खोल होत जातो आणि शेवटी फक्त एका बारीक मानेने बाहेरच्या पडद्याला लटकून राहतो. मग डायनॅमिन नावाचं प्रथिन त्या मानेभोवती वेटोळं घालतं, आवळतं आणि तोडतं. सुटलेली पिशवी आत तरंगते. तिचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा.

मान तुटली नाही तर काय होतं हे एका फळमाशीने दाखवलं. तिच्या शिबिरे नावाच्या वाणात डायनॅमिन उष्णतेने निकामी होतं. तापमान तीस अंशांच्या आसपास नेलं की माशी पाहता पाहता लुळी पडते आणि थंड केली की पुन्हा चालू लागते. मज्जातंतूंच्या टोकाशी संदेश सोडून रिकाम्या झालेल्या पिशव्या पडद्यातून पुन्हा तोडून घ्याव्या लागतात. तेच थांबतं, पिशव्या संपतात आणि स्नायूंना निरोप जात नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, के. एस. कृष्णन यांच्या प्रयोगशाळेने या माशीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्याच संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. आपल्या शहराच्या टोकाला, समुद्राच्या काठी हे मूलभूत काम झालं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आत आल्यावर क्लॅथ्रिनची जाळी सुटते, पिशवी दुसऱ्या पिशव्यांना मिळते आणि आतलं द्रावण थोडं आम्लधर्मी होऊ लागतं. सगळी मेख या आम्लात आहे. आम्लाने रिसेप्टरचा आकार बदलतो आणि एलडीएलवरची पकड सुटते. इथून वाटा फुटतात. रिकामा रिसेप्टर एका छोट्या पिशवीतून परत पृष्ठभागावर जातो. एलडीएल पुढे लयकारिकेत जातं, म्हणजे पाचक रसांनी भरलेल्या कप्प्यात. तिथे त्याचं प्रथिन तुटतं आणि कोलेस्टेरॉल मोकळं होऊन पेशीच्या कामी येतं. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे दहा मिनिटं लागतात. रिसेप्टरचं आयुष्य वीसेक तासांचं, म्हणजे एकच रिसेप्टर शंभरावर फेऱ्या मारतो.

पिशव्या आपोआप योग्य जागी पोचत नाहीत, त्यांना पेशीतल्या तंतूंच्या रुळांवरून मोटर प्रथिनं ओढत नेतात. जंतू गिळून झालेल्या मोठ्या पिशव्यांवर टीआयएफआरमध्येच रूप मल्लिक यांच्या गटाने काम केलं. अशा पिशवीच्या पडद्यावर कोलेस्टेरॉलचे दाट ठिपके तयार होतात, डायनीन नावाच्या मोटरी त्यांवर एकत्र येतात आणि सगळ्या मिळून पिशवी लयकारिकेकडे जोराने ओढतात, हे त्यांनी २०१६ साली दाखवलं.

हे कळलं कसं?

पहिला ठळक पुरावा डासाच्या अंड्यात सापडला. डास तोच, डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती. मादीने रक्त प्यायल्यावर तिच्या शरीरात बलकाचं प्रथिन तयार होतं आणि वाढणारी अंडी ते भराभर आत ओढतात. १९६४ साली थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या अंडपेशीच्या काठावर अस्तर असलेले खळगे आणि त्यांतून सुटलेल्या पिशव्या पाहिल्या. बलक ओढून घेणारा डासाचा तो रिसेप्टर आपल्या एलडीएल रिसेप्टरच्याच कुळातला आहे, हे पुढे उमगलं. १९७५ साली बार्बरा पिअर्स यांनी अस्तराचं प्रथिन वेगळं काढून त्याला क्लॅथ्रिन हे नाव दिलं.

दरम्यान अमेरिकेत डॅलस इथे मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन तरुण डॉक्टर एका वेगळ्याच कोड्याने पछाडले होते. काही मुलांना दहा-बारा वर्षांच्या आत हार्ट अटॅक येत होता आणि त्यांचं कोलेस्टेरॉल नेहमीच्या सहापट, आठपट होतं. आजार आनुवंशिक होता. दोघांनी अशा मुलांच्या त्वचेच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या आणि पाहिलं, की निरोगी पेशींना एलडीएल चिकटतं, यांच्या पेशींना चिकटतच नाही. क्रेटच नव्हते.

मग त्यांच्याकडे जे. डी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक रुग्ण आला. त्याच्या पेशींना एलडीएल व्यवस्थित चिकटायचं, पण आत जायचं नाही. रिचर्ड अँडरसन यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा भरलेले रिसेप्टर खळग्यांत गोळा होण्याऐवजी पडद्यावर इतस्ततः विखुरलेले होते. पुढे कारण सापडलं: ८३९ अमिनो आम्लांच्या त्या रिसेप्टरमध्ये, पेशीच्या आतल्या टोकाला, एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. माल क्रेटमध्ये भरलेला, पण क्रेटला आत ओढण्याची कडीच तुटलेली. चिकटणं आणि आत जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे या एका रुग्णामुळे सिद्ध झालं. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

‘मी तेलकट खातच नाही, मग माझं का वाढलं?’

शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवतं, ताटातून येणारा वाटा त्यामानाने लहान असतो. अंडं सोडलं आणि आकडा फारसा हलला नाही, हा अनुभव म्हणूनच इतक्यांना येतो. आहाराचा परिणाम होतो, पण जरा आडवाटेने. डालडा, लोणी, मलई यांतली संपृक्त चरबी जास्त झाली, तर यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर मंदावतात. म्हणजे तिथेही शेवटी प्रश्न उचलण्याचाच.

रिसेप्टर किती आणि कसे असतील हे बरंचसं आईवडिलांकडून येतं. दोघांपैकी एकाकडून बिघडलेलं जनुक आलं तर साधारण निम्मे रिसेप्टर चालतात. याला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. आपण त्याला घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल म्हणू. जगभरात साधारण तीनशे माणसांत एकाला ते असतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. हेच प्रमाण इथे लावलं तर चाळीस हजारांच्या पुढे माणसं होतात, आणि गर्दीच्या वेळच्या एका लोकलमध्ये दहा-पंधरा जण. त्यांच्यापैकी बहुतेकांना याची कल्पना नसते आणि ‘खाण्यावर ताबा नाही’ असे टोमणे ते मुकाट ऐकत राहतात. हा अन्याय आहे.

उचलण्याच्या कामात यकृताचा वाटा केवढा, हे १९८४ साली पिट्सबर्गच्या एका शस्त्रक्रियेने दाखवलं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक मिळालेल्या सहा वर्षांच्या मुलीला नवं हृदय आणि नवं यकृत बसवलं. तिचं हजाराच्या वर असलेलं कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरलं. आहार किंवा गोळीने जे झालं नसतं, ते चालत्या रिसेप्टरांच्या यकृताने केलं.

गोळी आणि सुई नेमकं काय करतात?

स्टॅटिनची गोळी रक्तातलं कोलेस्टेरॉल विरघळवते, असा समज सर्रास आहे. ती तसं काही करत नाही. ती यकृताच्या पेशीतला कोलेस्टेरॉलचा घरचा कारखाना मंदावते. पेशीला तुटवडा जाणवतो, ती नवे रिसेप्टर बनवून पृष्ठभागावर पाठवते आणि रक्तातून जास्त एलडीएल आत ओढते. रिपोर्टमधला आकडा उतरतो तो असा.

२००३ साली पॅरिस आणि माँट्रिअलच्या संशोधकांनी पीसीएसके९ या प्रथिनाचा धागा पकडला. हे प्रथिन यकृतच बाहेर सोडतं आणि ते रिसेप्टरला चिकटून त्याच्याबरोबर आत जातं. आम्लात गेल्यावर रिसेप्टरचा आकार बदलायला हवा, तो हे प्रथिन बदलू देत नाही. मग रिसेप्टर परतीच्या वाटेला लागतच नाही, एलडीएलबरोबर लयकारिकेत जाऊन नष्ट होतो. मालाबरोबर क्रेटही मोडीत. स्टॅटिन घेतल्यावर पेशी रिसेप्टरांबरोबर हे प्रथिनही जास्त बनवते. गोळीचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल साधारण सहा टक्केच आणखी उतरतं, त्यामागचं हे एक कारण.

२०१५ साली आलेली पहिली इंजेक्शनं या प्रथिनाला रक्तातच पकडतात. ती साधारण दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यावी लागतात. वर्षातून दोनदा घ्यायचं नवं औषध, इन्क्लिसिरान, एक पायरी आधी काम करतं: पीसीएसके९ बनवण्याचा पेशीतला निरोपच कापतं. सुरुवातीला एक सुई, तीन महिन्यांनी दुसरी, मग दर सहा महिन्यांनी. एलडीएल साधारण निम्म्याने उतरतं.

या औषधाचा प्रवास मला सगळ्यात विलक्षण वाटतो, कारण ते आत जातं तेच मुळी रिसेप्टर आणि पिशव्यांच्या वाटेने. औषध म्हणजे आरएनएचा, पेशीतला निरोप ज्या रेणूचा असतो त्याचाच, छोटा तुकडा, आकाराने मोठा आणि विद्युतभारित, त्यामुळे पडद्यातून शिरणं अशक्य. म्हणून त्याला साखरेच्या तीन रेणूंचं शेपूट जोडलं आहे. ती विशिष्ट साखर ओळखणारा रिसेप्टर यकृताच्या पेशींवर मुबलक असतो, इतरत्र फारसा नसतो. तो साखरेला पकडतो, खळगा वाकतो, मान तुटते आणि औषध पिशवीतून आत येतं. तिथे मात्र ते अडकतं. आत आलेल्या औषधाचा अगदी थोडा अंश पिशवीतून बाहेर निसटतो, उरलेलं आतच राहतं आणि महिनोन्महिने थेंबाथेंबाने झिरपतं. जो निसटतो तो तुकडा पेशीतल्या कापणाऱ्या यंत्रणेत बसून एकामागून एक निरोप कापत राहतो. सहा महिने परिणाम टिकतो तो यामुळे.

‘म्हणजे जनुक बदललं ना?’

नाही. जनुक पेशीच्या केंद्रकात असतं, हे औषध केंद्रकाबाहेर फिरणाऱ्या निरोपाच्या प्रतीच कापतं. औषध संपलं की नव्या प्रती पूर्वीसारख्या काम करू लागतात आणि एलडीएल हळूहळू पुन्हा वर जातं.

आई आणि वडील दोघांकडूनही पूर्ण निकामी जनुक आलेल्यांना हे औषध जवळजवळ उपयोगी पडत नाही. वाचवायला रिसेप्टरच नसतील, तर पीसीएसके९ हटवून काय हाती लागणार? आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. इन्क्लिसिरानला २०२० आणि २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत परवानगी मिळाली ती एलडीएल किती उतरतं या मोजमापावर. स्टॅटिनमागे मात्र हार्ट अटॅक टळल्याचा काही दशकांचा पुरावा उभा आहे. म्हणून चालू असलेली गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सोडून सुईमागे धावू नये.

‘इतकं कमी केलं तर पेशी उपाशी राहतील’

ही शंका रास्त आहे. पण पेशी स्वतःपुरतं कोलेस्टेरॉल स्वतः बनवू शकतात, आणि मेंदू तर आपलं सगळं घरीच बनवतो, कारण रक्तातला एलडीएलचा गोळा मेंदूपर्यंत पोचतच नाही. नवजात बाळाचं एलडीएल तिशी-चाळिशीच्या घरात असतं आणि वाढीचं सगळ्यात मोठं काम तेव्हाच चालू असतं. डॅलसच्या संशोधकांना एक तरुणी आढळली. तिच्यात पीसीएसके९ जवळजवळ नव्हतंच. तिचं एलडीएल होतं अवघं १४ आणि दोन मुलांची ती आई ठणठणीत होती. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात या जनुकाची एक प्रत निकामी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी निघालं आणि त्यांच्यातला हृदयविकार ८८ टक्क्यांनी. आकडा जन्मापासून थोडा जरी कमी राहिला तरी फायदा असा साठत जातो.

‘दार उघडं असेल तर नको ते आत येणार नाही का?’

येतंच. डेंग्यूचा विषाणू पेशीला चिकटतो, क्लॅथ्रिनच्या खळग्यातून आत येतो आणि पिशवी आम्लधर्मी होण्याची वाट पाहतो. जे आम्ल रिसेप्टरला माल सोडायला लावतं, तेच विषाणूच्या कवचाचा आकार बदलतं. मग तो पिशवीच्या पडद्याशी एकजीव होऊन आपला आरएनए पेशीत सोडतो. ही वाट पूर्ण बंद करता येत नाही, कारण लोहापासून कोलेस्टेरॉलपर्यंत सगळं तिथूनच येतं.

घरात काय पाहावं?

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, जुलै २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबद्दल आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करावी, आणि घराण्यात हा आजार असेल तर त्याआधी, लहानपणीच. तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची सक्ती नाही. एलडीएल सर्वसाधारण माणसात १०० च्या खाली असावं, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखी जास्त जोखीम असेल तर ७० च्या खाली आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांत ५५ च्या खाली.

डोळ्यांनी दिसण्यासारखंही काही असतं. टाचेच्या मागे, पोटरीपासून खाली येणारी जाड शीर चिमटीत धरून पाहा. घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल असलेल्या काहींची ही शीर जाड आणि गाठाळ लागते, कारण न उचललेलं कोलेस्टेरॉल तिथेही साचतं. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर तशाच गाठी येतात. पंचेचाळिशीच्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरकं वर्तुळ दिसलं तर तेही डॉक्टरांना दाखवावं.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एकाचं निदान झालं की भावंडांची आणि मुलांची तपासणी लगेच करावी, ती मुलं कितीही सडपातळ आणि खेळकर असली तरी. फॅमिली डॉक्टरांकडे जाताना फक्त स्वतःचा रिपोर्ट नेऊ नका. कुठल्या काकांना पंचावन्नच्या आत अटॅक आला, कुठल्या आत्याची बायपास साठीच्या आत झाली, आजोबा नेमके कशाने गेले, हे घरातल्या मोठ्यांना विचारून कागदावर लिहून न्या.